प्रश्न तुमचे: केळीच्या पानाचा फोटो, पतसंस्थेचे गुण, अंगणवाडीतला चेहरा

या महिन्यात जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांचा सूर जवळजवळ एकच होता: एआय विकत घेतलंय किंवा वरून आलंय, आता ते कसं हाताळायचं? सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, पत्रं थोडी छाटली आहेत. नावांऐवजी काम आणि ठिकाण दिलं आहे.

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे आठशे सभासद आहेत, बहुतेक केळीवाले. व्हॉट्सॲपवर पानाचा फोटो टाकला की रोग आणि औषध सांगणारी एआय सेवा घ्यायचा विचार आहे. प्रात्यक्षिकात सगळी उत्तरं बरोबर आली. घ्यावी का?
— संचालक, रावेर तालुका

प्रात्यक्षिकातले फोटो कुणी आणले होते? विक्रेत्यानं आणले असतील, तर त्या प्रात्यक्षिकातून तुम्हाला काहीच कळलेलं नाही.

पानावरून रोग ओळखण्याच्या संशोधनात प्लांटव्हिलेज हा खुला फोटोसंग्रह फार वापरला गेला. त्यात ५४ हजारांवर फोटो आणि १४ पिकं आहेत. २०१६ मध्ये त्यावर शिकवलेल्या मॉडेलनं त्याच संग्रहातले बाजूला ठेवलेले फोटो ९९ टक्क्यांहून जास्त अचूक ओळखले. वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो समोर आले, तेव्हा हा आकडा ३१ टक्क्यांच्या आसपास घसरला. कारण साधं आहे. संग्रहातली पानं तोडून, एकसारख्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली होती. बागेत मागे ठिबकची नळी असते, पानावर धूळ असते, भर दुपारचं ऊन असतं. आणि त्या १४ पिकांत केळीही नाही, कापूसही नाही. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न असा विचारा: केळीचे फोटो किती, कुठल्या भागातले, मृगबागेचे (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या लागवडीचे) की कांदेबागेचे (पावसाळ्यानंतरच्या लागवडीचे), आणि त्यांवर रोगाचं नाव कुणी लिहिलं?

मग स्वतःचा कसोटी संच तयार करा. तीनशे फोटो पुरतात. करपा, सीएमव्ही (माव्यामुळे पसरणारा विषाणूरोग), पालाशाची कमतरता, तणनाशकाचा फटका बसलेली पानं आणि निरोगी पानं यांचे प्रत्येकी पन्नास. उरलेले पन्नास भलतेच असू द्या: हळदीचं पान, माणसाचा हात, हललेला फोटो, अर्धवट अंधार. या शेवटच्या पन्नासांवर ‘ओळखता येत नाही’ असं उत्तर यायला हवं. हळदीच्या पानाला करपा ठरवणारी सेवा केळीबद्दल काय सांगते याला अर्थ नाही. फोटो सभासदांच्याच फोनवरून काढा, त्यात स्वस्तातले फोनही हवेत. रोगाचं नाव दोन जाणकारांनी एकमेकांना न विचारता लिहावं. जळगावचं केळी संशोधन केंद्र किंवा कृषी विज्ञान केंद्र यासाठी गाठता येईल. दोघांचं जमलं नाही ते फोटो वेगळे ठेवा, यंत्र तिथंच अडखळण्याची शक्यता जास्त. आणि हा संच विक्रेत्याच्या हाती कधीही देऊ नका. दिला की तो शिकवणीत जाईल आणि पुढची परीक्षा फुटेल.

निकाल वाचतानाही जपून. पन्नासपैकी ४५ बरोबर म्हणजे ९० टक्के खरं, पण एवढ्या थोड्या फोटोंवरून खरी अचूकता ७८ ते ९७ टक्क्यांच्या दरम्यान कुठंही असू शकते. शिवाय सगळ्या रोगांची सरासरी घेऊ नका, प्रत्येक रोगाचा आकडा वेगळा मागा. प्रत्येक चुकीची किंमत वेगळी असते. सीएमव्हीवर औषध नाही, बाधित झाड उपटून नष्ट करावं लागतं आणि मावा आवरावा लागतो. सीएमव्ही असून यंत्रानं ‘अन्नद्रव्याची कमतरता’ सांगितली, तर शेतकरी खत टाकत बसतो आणि तेवढ्यात रोग शेजारच्या बागेत जातो. उलट तणनाशकाच्या फटक्याला सीएमव्ही म्हटलं, तर चांगलं झाड उपटलं जातं. म्हणून ‘उपटा’ हा सल्ला यंत्रानं एकट्यानं कधीही देऊ नये. त्याआधी माणसानं बागेत जाऊन बघणं सेवेच्या रचनेतच असावं. पनामा मर हा बुरशीचा रोग तर पानाच्या फोटोवरून ठरतच नाही. त्यासाठी खोड कापून आतला रंग बघावा लागतो. मर ओळखण्याची हमी देणारा विक्रेता तिथंच नापास.

औषधाचा भाग सगळ्यात धोक्याचा. आजची बोलकी मॉडेलं वाक्य छान जुळवतात आणि मात्राही तितक्याच सफाईनं जुळवून देतात. मात्रा मॉडेलला लिहूच देऊ नका. केंद्रीय कीटकनाशक मंडळानं केळीसाठी मंजूर केलेली औषधं, त्यांची मात्रा आणि फवारणी ते काढणी यांत ठेवायचे दिवस यांचा तक्ता कृषी पदवीधराकडून करून घ्या. मॉडेलनं फक्त त्यातली ओळ निवडायची. ओळ नसेल तर उत्तर ‘माहिती नाही, माणूस फोन करेल’. एककाचा गोंधळ इथं हमखास होतो. शेतकरी विचारतो ‘पंपाला किती?’, तक्ता सांगतो ‘लिटरला २ मिली’. १५ लिटरच्या पंपाला ते ३० मिली होतं, २० लिटरच्या पंपाला ४०. सेवेनं आधी पंप किती लिटरचा ते विचारावं आणि हिशेब साध्या गणिताच्या प्रोग्रॅमनं करावा. तपासताना मात्रेचे शंभर प्रश्न विचारले आणि एकही चूक सापडली नाही, तरी चुकीचं प्रमाण ३ टक्क्यांपर्यंत असू शकतं, हेही धरून चाला.

आता माणसाचा हिशेब. हंगामात दिवसाला ६० फोटो आले आणि पाचातला एक माणसाकडे गेला, तर १२ प्रकरणं होतात. प्रत्येकी दहा मिनिटं धरली तर दोन तास. हे दोन तास कुणाचे, पगार कोण देणार, तो सुट्टीवर गेला तर पुढे कोण? विक्रेत्याच्या दरपत्रकात बहुधा हा माणूस नसतो, आणि तो नसेल तर ती सेवा घेऊ नका. ‘तज्ज्ञ संपर्क करतील’ असा संदेश जाऊन तीन दिवस कुणी फिरकलं नाही की शेतकरी पुढच्या वेळी यंत्राचं पहिलं उत्तर मुकाट्यानं मानतो.

करारात चार गोष्टी लिहून घ्या. मॉडेल बदलण्याआधी पूर्वसूचना मिळेल आणि तुमच्या संचावर पुन्हा चाचणी करू दिली जाईल. बऱ्याच सेवांत मॉडेल मागच्या मागे बदलतं आणि काल बरोबर येणारं उत्तर आज चुकतं. प्रत्येक उत्तराची नोंद म्हणजे फोटो, तारीख, मॉडेलची आवृत्ती आणि कुणी बदललं तर काय बदललं, हे किमान एका पिकाच्या काळापर्यंत तुमच्याकडे राहील. फोटो दुसऱ्या कामाला वापरायचे तर वेगळी परवानगी लागेल. आणि सेवा लगेच थांबवायचा अधिकार कंपनीच्या एका ठरलेल्या माणसाला असेल. ते थांबवणं सुरुवातीलाच एकदा, रविवारी संध्याकाळी, करून बघा. बटण आहे म्हणतात, पासवर्ड मात्र पुण्यातल्या कुणाकडे तरी असतो.

तर, घ्या. पण पहिला हंगाम चाळीस सभासदांपुरता ठेवा, आणि त्यात पिलबाग (घड कापल्यावर पिलांवर घेतलेली बाग) असलेले व धरणापासून लांबचे, बोअरवरचे शेतकरीही असू द्या.

बोगस लाभार्थी शोधणारी प्रणाली आली आहे. ती ९५ टक्के अचूक आहे असं सांगतात. मग तिनं दाखवलेली नावं थेट थांबवायला हरकत काय?
— कर्मचारी, नगरपरिषद, जळगाव जिल्हा

हरकत आकड्यातच आहे. दहा हजार लाभार्थी धरा, त्यात खरे बोगस दोनशे. ९५ टक्के अचूकतेनं प्रणाली त्यातले १९० पकडेल. पण उरलेल्या ९,८०० खऱ्या लाभार्थ्यांपैकी ५ टक्क्यांवर, म्हणजे ४९० जणांवर, तीच प्रणाली चुकून बोट ठेवेल. यादीत ६८० नावं येतील आणि त्यातली ४९० खऱ्यांची असतील. दहातले सात निर्दोष. या हिशेबात ‘सगळेच खरे’ असं छापणारा रबरी शिक्का ९८ टक्के अचूक ठरतो, म्हणून नुसत्या अचूकतेचा आकडा विचारूच नका. दोन आकडे मागा: बोगस किती सुटले, आणि खऱ्यांवर किती वेळा बोट ठेवलं.

आपल्याकडे चूक होण्याची ठरावीक कारणंही आहेत. नंदुरबारकडे एकाच गावात वसावे, पाडवी, पावरा आडनावाची आणि एकाच नावाची पाच-पाच माणसं असतात. जन्मतारीख माहीत नसलेल्यांची १ जानेवारी लिहिली गेली आहे. नाव, गाव, जन्मतारीख तिन्ही जुळली की यंत्र दोन माणसांना एक ठरवतं. उलट गावित हे आडनाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिलं जातं, तिथं एकाच माणसाचे दोन होतात. जुळणीत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक आणि शिधापत्रिका क्रमांक धरायला लावा, आणि १ जानेवारी ही तारीख पुरावा म्हणून मोजायची नाही असा नियम करून घ्या.

क्रम असा असावा: यादी, घरभेट, लेखी नोटीस, उत्तराला मुदत, अधिकाऱ्याचा सहीनिशी आदेश, आणि मग थांबवणं. तोवर लाभ चालू. एक कर्मचारी दिवसाला दहा घरं करतो असं धरलं तर ६८० घरांना ६८ दिवस लागतात. तेवढी माणसं नसतील, तर प्रणालीला सगळ्यात खात्रीची शंभर नावंच मागा. यादी किती लांब करायची हे उंबरठ्याच्या आकड्यावर, म्हणजे किती संशय असला की नाव यादीत घ्यायचं यावर, ठरतं, आणि तो आकडा विक्रेत्यानं परस्पर ठरवायची गोष्ट नाही.

आमच्या पतसंस्थेत कर्जदाराला ० ते १०० गुण देणारं सॉफ्टवेअर बसवलंय. ६० च्या खाली गुण आले की शाखाधिकारी अर्ज कर्ज समितीपुढे ठेवतच नाहीत. संचालक मंडळ म्हणतं, निर्णय तर माणसंच घेतात.
— ज्येष्ठ लिपिक, भुसावळ

६० च्या खालच्या अर्जांचा निर्णय सॉफ्टवेअर घेतंय, आणि तसा ठराव मंडळानं केलेला दिसत नाही. समितीपुढे जे येतच नाही, त्यावर समिती काय निर्णय घेणार?

आधी पडद्यांचा क्रम बदलून घ्या. आज अर्ज उघडला की गुण समोर दिसतात आणि नंतर माणूस कागद बघतो. आकडा दिसल्यावर कागदात त्या आकड्याला दुजोरा देणाऱ्याच गोष्टी दिसू लागतात. यंत्राकडे झुकण्याची ही सवय विमानाच्या कॉकपिटपासून दवाखान्यांपर्यंत अनेक ठिकाणी नोंदली गेली आहे. शाखाधिकाऱ्यानं आपलं मत आणि कारण दोन ओळींत लिहावं, जतन करावं, आणि त्यानंतरच गुण उघडावेत. मत आणि गुण जुळले नाहीत ते सगळे अर्ज समितीकडे.

दर महिन्याला किती वेळा माणसानं यंत्राच्या विरुद्ध निर्णय घेतला ते मोजा. हा आकडा शून्याजवळ असेल तर माणूस नुसता सहीपुरता उरला आहे. निम्म्याजवळ असेल तर सॉफ्टवेअर फेकून द्या. आणि विरुद्ध निर्णय घेऊन कर्ज थकलं, एवढ्यावरून अधिकाऱ्याला नोटीस देऊ नका. एकदा दिली की पुन्हा कुणी विरुद्ध जाणार नाही.

नंतर जोड्यांची चाचणी. खरे वीस अर्ज घ्या, खरं नाव-गाव पुसून काल्पनिक घाला, आणि प्रत्येकाच्या दोन प्रती करा. फरक फक्त एकाच गोष्टीत: एकीत आडनाव वेगळं, किंवा गाव सातपुड्याच्या पायथ्याचं, किंवा अर्जदार पुरुषाऐवजी बाई. गुण बदलले तर कारण विचारा. ‘आम्ही जात घेतच नाही’ हे उत्तर पुरेसं नाही. आडनाव, पिनकोड आणि खातं कुठल्या शाखेत आहे, यांतून ती आत येते.

खानदेशात आणखी एक घोळ होतो. अशी सॉफ्टवेअरं बहुधा पगारदारांच्या खात्यांवर शिकलेली असतात, दर महिन्याला ठरावीक रक्कम जमा होणाऱ्या. कापूसवाल्याचा पैसा दिवाळीनंतरच्या तीन-चार महिन्यांत येतो, केळीवाल्याचा घड कापल्यावर. बाकीचे महिने खातं रिकामं, आणि यंत्र त्याला ‘अस्थिर उत्पन्न’ म्हणतं. वर्षाचं उत्पन्न यांत्रिकपणे सारखं वाटून बघितल्यानं काय होतं, हे ऑस्ट्रेलियाच्या सरकारनं मोठ्या प्रमाणावर अनुभवलं आहे. तिथल्या ‘रोबोडेट’ योजनेत वार्षिक उत्पन्न पंधरवड्यांत सरसकट विभागलं जाई आणि हंगामी काम करणाऱ्यांवर न घेतलेल्या पैशांची वसुली निघे. थकबाकी नाही हे सिद्ध करायचं ओझंही त्यांच्यावरच. २०२३ मध्ये चौकशी आयोगानं त्यावर कठोर अहवाल दिला. तुमच्याकडे उपाय सोपा आहे. शेतकरी अर्जदाराचं बारा महिन्यांचं नव्हे, निदान दोन हंगामांचं खातं धरा आणि सातबारावरचं पीक बघून हप्त्याची तारीख ठरवा.

नाकारलेल्यांबद्दल संस्थेला पुढे कधीच काही कळत नाही, ही यातली गुप्त खोट. त्यांना कर्जच दिलं नाही, तर ते फेडलं असतं की नाही हे कसं समजणार? मग सॉफ्टवेअर पुढच्या वर्षी स्वतःच्याच नकारांवरून शिकतं. मंडळानं ठराव करून एक छोटी रक्कम बाजूला ठेवावी आणि ५० ते ६० गुणांतल्या काही अर्जदारांना चिठ्ठी टाकून, छोट्या रकमेचं कर्ज द्यावं. वर्षभरात कळेल की ६० ही रेघ बरोबर होती की नुसती गोल संख्या.

नकाराचं पत्र मराठीत द्या, कारणासह. ‘गुण कमी’ हे कारण नव्हे. ‘दोन जामीनदारांपैकी एकाची थकबाकी आहे’ हे कारण, कारण त्यावर माणूस काही करू शकतो. सोनेतारणाला मात्र गुणांची गरजच काय, ते आम्हाला समजलेलं नाही.

अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी ॲप पोषण ट्रॅकर, त्यात चेहरा जुळल्याशिवाय घरी न्यायचा शिधा नोंदवता येत नाही. आमच्या पाड्यांवर नेटवर्क नाही, आईचा चेहरा जुळत नाही. ॲप आमच्या हातात नाही. मग आम्ही काय करायचं?
— पर्यवेक्षिका, धडगाव तालुका

देशातलं पहिलं आधार तुमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं. त्यामुळे आधारचा अनुभव नंदुरबारइतका जुना दुसरीकडे नाही. शिध्यासाठी चेहऱ्याची सक्ती जुलै २०२५ पासूनची.

ॲप बदलणं तुमच्या हातात नसलं तरी अपयश मोजणं आहे, आणि ते ॲप स्वतः नीट मोजत नाही. एक वही करा. रकाने: तारीख, केंद्र, फोनचं मॉडेल, पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा, कितवा प्रयत्न, आणि शिधा शेवटी दिला की नाही. नावाऐवजी लाभार्थी क्रमांक. मग प्रत्येक अपयश तीनपैकी एका खुणेखाली टाका: नेटवर्क, ओटीपी, चेहरा. तिन्हींची दुरुस्ती वेगवेगळ्या ठिकाणी होते. ओटीपी बहुतेकदा नवऱ्याच्या नंबरवर जातो आणि नवरा ऊसतोडीला गुजरातेत असतो. हे आधारला मोबाइल नंबर बदलून सुटतं, फोन बदलून नाही. चेहरा जुळत नाही तेव्हा आधारवरचा फोटो किती जुना ते बघा. लग्नाआधीचा असेल तर तो अद्ययावत करून घ्यावा लागेल. उजेडाची अडचण तिथंच सुटते: बाईला दाराकडे पाठ करून उभं करू नका, तोंड उजेडाकडे हवं. लेन्स पुसा, पदराची सावली कपाळावर पडू देऊ नका. नेटवर्क लागणारं केवायसीचं काम हाटाच्या दिवशी, जिथं रेंज आहे तिथं उरका.

महिन्याअखेर बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांना एका पानाचा गोषवारा द्या. ‘फार त्रास होतो’ यापेक्षा ‘१२० पैकी १८ जणींचा चेहरा तीन प्रयत्नांत जुळला नाही, त्यातल्या ११ जणींचा आधार फोटो दहा वर्षांहून जुना’ असं लिहिलेलं पत्र फाइलमध्ये टिकतं आणि वर जातं.

मागणी एकच करा: शिधा दिल्याची नोंद आणि चेहरा जुळल्याची नोंद वेगवेगळी असावी. आज दुसरी अडली की पहिलीही अडते. न जुळलेल्यांना सेविकेच्या सहीवर शिधा मिळावा आणि त्यातली पाच नावं चिठ्ठीनं निवडून पर्यवेक्षिकेनं घरी जाऊन तपासावीत. गैरवापराला आळाही बसतो, पोरही उपाशी जात नाही. कुणी सेविका फोटोचा फोटो दाखवून काम भागवत असेल तर तिला आधी दटावू नका, ते का करावं लागलं ते वहीत लिहा. अशा पळवाटा निघतात तिथंच रचना मोडलेली असते.

अभ्यासक्रमात ‘सोशिओटेक्निकल सिस्टिम’ असा शब्द आहे. हे एआयबरोबर आलेलं नवीन काही आहे का?
— विद्यार्थिनी, जळगाव

नाही, ते कोळशाच्या खाणीतून आलं आहे. १९५१ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ट्रिस्ट आणि बॅमफोर्थ यांनी ब्रिटिश खाणींचा अभ्यास मांडला. नवी यंत्रं आली, लहान टोळ्या मोडून कामाचे तुकडे तीन पाळ्यांत वाटले गेले, आणि उत्पादन अपेक्षेइतकं वाढलं नाही, गैरहजेरी वाढली. यंत्र उत्तम होतं, पण भोवतीची माणसांची घडी विस्कटली होती. त्याच संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये उलट प्रयोग केला. स्वयंचलित मागांवर कामगारांचे लहान गट नेमले, मागांचा एक संच एका गटाकडे. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. माग तेच होते. एआयच्या बाबतीत मॉडेलसोबतच पाळी, सही, तक्रार आणि फोन उचलणारा माणूस हे सगळं प्रणालीत मोजायचं, एवढाच त्या शब्दाचा आवाका.

तक्रार नोंदवायला फोनवरची बोलकी सेवा करतोय. लोक अहिराणी बोलतात. मराठीचं तयार मॉडेल चालेल का?
— स्वयंसेवी संस्था, साक्री

तपासल्याशिवाय नाही. ‘मना पैसा उना नही’ (माझे पैसे आले नाहीत) हे मराठीवर शिकलेलं मॉडेल काय ऐकेल, ते आधी बघा. चाळीस माणसांकडून प्रत्येकी पाच खऱ्या तक्रारी, त्यांच्याच फोनवर, मोटारपंप आणि रिक्षाच्या आवाजात, परवानगी घेऊन नोंदवा. निम्म्या बाया, दहा तरी साठीपुढचे, आणि धुळे, साक्री, शिरपूर, अमळनेर अशा वेगवेगळ्या भागांतले. यावल-रावेरची लेवा बोली किंवा धडगावची पावरी यात मिसळू नका, त्यांची चाचणी वेगळी. शब्द किती चुकले यापेक्षा तक्रार योग्य खात्यात गेली का ते मोजा. मुळात खातं ओळखायला आठ-दहा शब्दच पुरतात: पाणी, वीज, रेशन, पैसा. यंत्रानं ऐकलेलं परत बोलून दाखवावं, ‘हा’ म्हटल्यावरच नोंद व्हावी, आणि दोनदा चुकलं की तिसऱ्यांदा न विचारता माणसाला जोडावं. मूळ आवाज जपून ठेवा. यंत्रानं केलेलं लिखाण म्हणजे तक्रार नव्हे.

शाळेत चेहरा ओळखून हजेरी घेणारा कॅमेरा बसवावा का?
— मुख्याध्यापक, धुळे

नको. हजेरीपटाला पाच मिनिटं लागतात आणि त्या पाच मिनिटांत शिक्षक प्रत्येक मुलाकडे एकदा बघतो. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल येतं. त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी आणि मुलांच्या वागण्यावर पाळत नको, असा त्यातला सर्वसाधारण नियम आहे; २०२५ च्या नियमांत शाळांना शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षेसाठी मात्र काही सूट आहे.

अनुदानाचा अर्ज ‘सिस्टिमनं रिजेक्ट केला’ एवढंच सांगतात. कारण कसं मिळवायचं?
— शेतकरी, शिंदखेडा

माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४(१)(घ) सांगतं की प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला सार्वजनिक प्राधिकरणानं दिली पाहिजेत. ‘सिस्टिम’ हे कारण नव्हे. सही अधिकाऱ्याची असते आणि जबाबदारीही त्याचीच.

अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला लागतो, म्हणून गोष्ट सांगत बसू नका. मागा ते एवढंच: माझा अर्ज क्रमांक अमुक नाकारण्याचा निकष कोणता आणि तो कोणत्या शासन निर्णयात आहे, माझी कोणती माहिती त्या निकषाशी जुळली नाही, निर्णयाला मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याचं पद, या वर्षी तालुक्यात याच कारणानं किती अर्ज नाकारले आणि त्यातले किती नंतर मंजूर झाले. शेवटचा आकडा महत्त्वाचा. परत मंजूर झालेले पुष्कळ असतील तर दोष तुमच्या कागदात नसून जुळणीत आहे.

सॉफ्टवेअरचं व्यापारी गुपित म्हणून कलम ८(१)(घ) पुढे केलं जाईल. तुम्ही प्रोग्रॅम मागितलेला नाही, निकष मागितला आहे, हे लिहून ठेवा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा गोलमाल आलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे जा. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं अपील. पतसंस्था आणि खासगी कंपन्या बहुधा या कायद्यात येत नाहीत. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सहकारी संस्थांबाबत हे स्पष्ट आहे. नकाराचा एसएमएस पुसू नका, त्याचा स्क्रीनशॉट छापून अर्जाला जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.